शंभर टेस्लाच्या चुंबकात काय ठेवले होते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अतितीव्र चुंबकांच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात आणि बहुतेक वेळा त्या आकड्यापाशी सुरू होऊन आकड्यापाशीच संपतात. मार्च 2012 मध्ये अमेरिकेतील लॉस अ‍ॅलॅमॉस येथील प्रयोगशाळेने चुंबकाचे वेटोळे न फुटू देता 100.75 टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) क्षेत्र निर्माण केले. 2018 मध्ये टोकियो विद्यापीठाच्या काशिवा येथील संस्थेने बंदिस्त खोलीत 1200 टेस्लापर्यंत मजल मारली आणि त्या दणक्याने यंत्राभोवतीच्या कक्षाचे दार उघडल्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. 2022 मध्ये चीनमधील हफेई येथील चुंबकाने स्थिर क्षेत्राचा 45.22 टेस्लाचा उच्चांक नोंदवला. या तिन्ही गोष्टी कौतुकास्पद आहेत, यात शंका नाही. मात्र या चुंबकांच्या पोटात कोणता पदार्थ ठेवायचा असतो आणि त्याला इतक्या टोकाच्या क्षेत्रात नेण्याची गरज कशासाठी पडते, हा प्रश्न वाचकापर्यंत पोहोचत नाही. 100.75 टेस्लापर्यंत नेऊन ज्याची मापे त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, तो पदार्थ स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटचा एक लहानसा स्फटिक होता. त्या स्फटिकाविषयी आणि त्याच्या जातकुळीतील पदार्थांविषयी लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच. विषय अवघड असला तरी मराठी वाचकाला तो झेपणार नाही असे मी मानत नाही, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईतील कुलाब्याशी जोडलेला आहे.

लोखंडासारख्या लोहचुंबकीय पदार्थात शेजारशेजारच्या अणूंचे स्पिन, म्हणजे अणूंवरील सूक्ष्म चुंबकत्व, एकाच दिशेला वळलेले असते. प्रतिलोहचुंबकीय पदार्थांत याच्या उलट नियम चालतो: प्रत्येक स्पिनाने लगतच्या शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करायचे. खो-खोच्या मैदानात एका ओळीत बसलेले गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, तसाच हा प्रकार आहे, आणि सरळ ओळीत किंवा चौकटीच्या जाळीत तो बिनतक्रार पार पडतो. तेच तीन गडी त्रिकोणात बसवून प्रत्येकाने उरलेल्या दोघांच्या विरुद्ध तोंड करावे असा नियम घातला, तर पहिल्या दोघांचे जमते आणि तिसऱ्याने कोणतीही बाजू घेतली तरी एकाशी तरी नियम मोडतोच. ज्यांच्या स्फटिकरचनेतच असे त्रिकोण किंवा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचे घनाकार) भरलेले असतात, त्या पदार्थांना भौतिकशास्त्रात ‘फ्रस्ट्रेटेड’, म्हणजे कोंडीत सापडलेले चुंबकीय पदार्थ म्हणतात. ही कोंडी स्फटिकातील भेसळीमुळे किंवा दोषामुळे आलेली नसते. तो पूर्णपणे शुद्ध आणि निर्दोष असला तरी भूमितीमुळेच ती सुटत नाही. ग्रेगरी वॅनियर यांनी 1950 मध्ये त्रिकोणी जालकाचा, म्हणजे त्रिकोणांनी विणलेल्या अणूंच्या जाळीचा, हिशेब मांडून असे दाखवले की, स्पिनांना फक्त वर किंवा खाली अशा दोनच दिशा मोकळ्या असतील, तर निरपेक्ष शून्य तापमानालाही त्यांच्या मांडणीत अनिश्चितता शिल्लक राहते.

या पदार्थांचे सारे वेगळेपण याच अनिश्चिततेतून येते. साध्या चुंबकीय पदार्थात एक मांडणी इतर सर्वांपेक्षा स्पष्टपणे स्वस्त, म्हणजे कमी ऊर्जेची, असते आणि तापमान उतरले की पदार्थ तीच स्वीकारतो. कोंडीतल्या पदार्थात मात्र जवळजवळ सारख्याच ऊर्जेच्या असंख्य मांडण्या एकमेकींशी स्पर्धा करत असतात, आणि त्यांतील कोणती जिंकेल हे अत्यंत क्षीण प्रभावांवर ठरते: अणूंच्या जागांत झालेला किंचित बदल, स्पिनांची औष्णिक थरथर किंवा निव्वळ क्वांटम स्वरूपाची अस्थिरता. अशा वेळी बाहेरून लावलेले चुंबकीय क्षेत्र हे संशोधकाच्या हातातील सर्वांत स्वच्छ साधन ठरते. रासायनिक भेसळ केली की स्फटिकच बदलतो. क्षेत्र मात्र हवे तितके वाढवता येते, उतरवता येते, आणि त्यातून गेलेला स्फटिक बहुतेक वेळा होता तसाच परत मिळतो.

मग इतके प्रचंड क्षेत्र कशासाठी, असे विचारले जाईल. उत्तर साध्या गुणाकारात आहे. एक टेस्लाच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनाच्या स्पिनाच्या दोन उलट स्थितींमध्ये जो ऊर्जेचा फरक पडतो, तो तापमानाच्या मापात सुमारे 1.34 केल्विन इतकाच असतो. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र सहसा 1.5 ते 3 टेस्ला असते. म्हणजे ते यंत्र स्पिनांवर दोन-चार केल्विन एवढाच जोर लावते. स्पिनांमधील परस्परक्रिया मात्र कित्येक पदार्थांत पन्नास, शंभर, दोनशे केल्विनच्या घरात असते. त्या परस्परक्रियेशी बरोबरीने झुंजायचे तर तीस-चाळीस टेस्लांचे, आणि पुष्कळदा शंभराच्या पुढचे क्षेत्र लागते.

येथे अभियांत्रिकीची मोठी अडचण उभी राहते. चुंबकीय क्षेत्र हे आपल्या वेटोळ्याला आतून बाहेर ढकलत असते आणि हा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभर टेस्लाला तो सुमारे 4 गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास चाळीस हजार पट होतो. याच कारणाने आणि विजेच्या प्रचंड खपामुळे स्थिर क्षेत्राची चुंबके 45 टेस्लाच्या आसपास अडून बसली आहेत. फ्लोरिडातील टॅलाहॅसी येथील संकरित चुंबकात बाहेर सुपरकंडक्टिंग वेटोळे आणि आत तांब्याच्या चकत्यांचे वेटोळे असते आणि ते चालू असताना तीस मेगावॅटच्या आसपास वीज खाते. त्यापुढे जायचे तर क्षेत्र क्षणभरच टिकवावे लागते. धारित्रांत साठवलेली वीज एकदम वेटोळ्यात सोडली की काही मिलिसेकंद क्षेत्र उसळते आणि ओसरते. ड्रेस्डेन, तुलूझ, वूहान, लॉस अ‍ॅलॅमॉस येथे याच पद्धतीने काम चालते. शंभर टेस्लाच्याही पुढे वेटोळे वाचवण्याचा नादच सोडून द्यावा लागतो. काशिवामध्ये तांब्याच्या एकाच वेढ्याचे वेटोळे वापरतात. ते प्रत्येक प्रयोगात फुटून बाहेरच्या दिशेने उडते, क्षेत्र काही मायक्रोसेकंदच टिकते, पण मधोमध ठेवलेला नमुना बहुधा सुखरूप राहतो. 1200 टेस्लाच्या प्रयोगात मात्र धातूची नळी आतल्या बाजूला चिरडून तिच्यात कोंडलेले क्षेत्र दाबले जाते, तेव्हा नमुनाही वाचत नाही.

आता या क्षेत्रांत पदार्थ काय करतो ते पाहू. साध्या प्रतिलोहचुंबकीय पदार्थाचे क्षेत्र वाढवत नेले की त्याचे स्पिन हळूहळू क्षेत्राच्या दिशेला कलतात, चुंबकन, म्हणजे पदार्थाचे एकूण चुंबकत्व, एकसारखे चढत जाते, आणि शेवटी सगळे स्पिन एका दिशेला आले की ते संपृक्त होते. कोंडीतल्या पदार्थाचा आलेख असा सरळ चढत नाही. तो मध्येच थांबतो. क्षेत्र वाढतच असते, पण चुंबकन संपृक्त मूल्याच्या एका साध्या अपूर्णांकावर, म्हणजे एकतृतीयांश, एकचतुर्थांश किंवा निम्म्यावर, अडून राहते. आणि बराच पल्ला ओलांडल्यानंतर पुन्हा चढू लागते. आलेखातील या सपाट भागांना पठारे म्हणतात. त्रिकोणी जालकावर पहिले पठार एकतृतीयांशाला येते, कारण तेथे प्रत्येक त्रिकोणातील दोन स्पिन क्षेत्राच्या दिशेने आणि एक विरुद्ध दिशेने, अशी मांडणी स्थिरावते. बेरियम, कोबाल्ट आणि अँटिमनी यांच्या एका ऑक्साइडमध्ये हे पठार 10 ते 15 टेस्लाच्या आसपास दिसते आणि संपृक्तता सुमारे 32 टेस्लाला येते. मला यातील विशेष गोष्ट अशी वाटते की, जुन्या अभिजात यामिकीच्या हिशेबाने त्या क्षेत्रात ही मांडणी इतर अनेकींपेक्षा मुळीच स्वस्त नसते. तिला जिंकवते ती स्पिनांची अस्थिरता. ज्या थरथरीने सुव्यवस्था मोडावी अशी अपेक्षा असते, तीच येथे अनेक बरोबरीच्या मांडण्यांतून एक निवडून देते.

मासाकी ओशिकावा, मासानोरी यामानाका आणि इयान अ‍ॅफ्लेक यांनी 1997 मध्ये एकमितीय साखळ्यांसाठी याचा एक नियम दिला. साखळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एककातील एकूण स्पिनामधून त्या एककाचे चुंबकन वजा केले असता उत्तर पूर्णांक यावे, तरच तेथे पठार संभवते. पठाराची उंची कुठलीही असू शकत नाही. मांडणीची पुनरावृत्ती किती स्पिनांनी होते, यावर ती ठरते. म्हणूनच प्रयोगात पठार दिसले की संशोधकाला स्फटिक न फोडता आतील मांडणीची पहिली खूण मिळते.

आता सुरुवातीला उल्लेखिलेल्या स्फटिकाकडे येतो, कारण या विषयातील सर्वांत समृद्ध कथा त्याचीच आहे. स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटमध्ये तांब्याच्या अणूंचे थर असतात. प्रत्येक थरात तांब्याचे अणू जोडीजोडीने बसलेले असतात आणि प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीशी काटकोनात असते. जोडीतील दोन स्पिन एकमेकांत असे गुंततात की त्यांचे एकत्रित चुंबकत्व शून्य होते. शेजारच्या जोडीचा प्रभाव या दोघांवर सारखाच आणि परस्परांना छेद देणारा पडतो, त्यामुळे तो उणे-अधिक होऊन नाहीसा होतो. परिणामी शेजाऱ्यांची ओढाताण असूनही प्रत्येक जोडी जणू एकटीच असल्यासारखी राहते, आणि असंख्य कणांच्या क्वांटम प्रणालीची किमान ऊर्जेची अवस्था कागदावर अचूक लिहिता येते. अशी उदाहरणे भौतिकशास्त्रात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत.

हे गणित त्या स्फटिकासाठी झालेच नव्हते. बी. श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी 1981 मध्ये ते एक सैद्धांतिक प्रतिमान म्हणून मांडले, तेव्हा तसा पदार्थ कोणाच्या हाती नव्हता. स्फटिकाची रचना 1991 मध्ये प्रसिद्ध झाली, पण तिचा आणि या प्रतिमानाचा संबंध कोणी जोडला नव्हता. 1999 मध्ये हिरोशी कागेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे चुंबकीय गुणधर्म तीव्र क्षेत्रात मोजले, त्यांना पठारे दिसली, आणि अठरा वर्षे निव्वळ गणित मानले गेलेले प्रतिमान एका खऱ्या पदार्थात अवतरलेले असल्याचे ध्यानात आले.

या ठिकाणी मुंबईचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. श्रीराम शास्त्री यांनी आपली पीएच.डी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत केली. त्याच संस्थेत 1969 मध्ये चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी स्पिनांच्या एका साखळीचे प्रतिमान मांडले होते. त्या साखळीत प्रत्येक स्पिनाची केवळ लगतच्या शेजाऱ्याशीच नव्हे तर एक सोडून पुढच्या शेजाऱ्याशीही परस्परक्रिया असते, आणि ही दुसरी परस्परक्रिया पहिलीच्या नेमकी निम्मी असेल तर साखळी जोड्याजोड्यांत विभागली जाते व तिची किमान अवस्था अचूकपणे लिहिता येते, असे त्यांनी सिद्ध केले. कोंडीतल्या चुंबकांविषयीचे आजचे कोणतेही गंभीर पाठ्यपुस्तक मजुमदार-घोष प्रतिमानावाचून पूर्ण होत नाही, आणि शास्त्री-सदरलँड प्रतिमान हे त्याचेच द्विमितीय भावंड म्हणावे असे आहे. घोष यांनी पुढे पवईच्या आयआयटीत अनेक वर्षे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे कोणी सांगते, हा प्रश्न मला सतावतो. आणि वृत्तपत्रांची विज्ञान पाने हे काम सहज करू शकतील, असे मला वाटते.

क्षेत्र वाढवले असता या स्फटिकाचे काय होते? सुरुवातीला काहीच होत नाही, कारण एक जोडी मोडण्यासाठीच सुमारे 35 केल्विनइतकी ऊर्जा लागते. वीस टेस्लाच्या पुढे क्षेत्र जोड्या मोडू लागते आणि मोडलेली प्रत्येक जोडी क्षेत्राच्या दिशेने वळलेला एक छोटा चुंबकीय कण बनते. एरवी असे कण जालकात मोकळेपणाने फिरले असते. येथे मात्र काटकोनी मांडणीमुळे त्यांना एका जोडीवरून दुसरीवर जाणे जवळजवळ अशक्य होते. ते हलू शकत नाहीत आणि एकमेकांना दूर ढकलतात. म्हणून त्यांची संख्या जालकाशी जुळेल अशा प्रमाणात आली की ते ठरावीक अंतरांवर बसून स्वतःचाच एक स्फटिक बनवतात. 27 टेस्लाच्या सुमारास एकअष्टमांशाचे पठार, पुढे एकचतुर्थांशाचे आणि त्यानंतर एकतृतीयांशाचे लांबलचक पठार, अशी ही चढण आहे. 2002 मध्ये ग्रेनोबलच्या चुंबकात 27.6 टेस्ला क्षेत्रात आणि 35 मिलिकेल्विन तापमानाला केलेल्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या (अणुकेंद्रांकडून आतील चुंबकत्व टिपण्याच्या) प्रयोगाने एकअष्टमांशाच्या पठारावर तांब्याच्या अणूंचे चुंबकत्व जागोजागी वेगवेगळे असल्याचे थेट दाखवले. बाहेरचे क्षेत्र सर्वत्र सारखे असताना आत एक मोठी, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी तयार झाली होती.

त्यानंतर दहा-बारा वर्षे या पठारांवरून खरा वाद चालला. एकअष्टमांश आणि एकचतुर्थांश यांच्या दरम्यान आणखी कोणते अपूर्णांक आहेत, याविषयी वेगवेगळ्या गटांची वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली मापे जुळत नव्हती, आणि सिद्धांतालाही निर्णय देता येत नव्हता. 2014 मध्ये फिलिप कॉर्बो आणि फ्रेडरिक मिला यांनी संगणकीय हिशेबाने असे दाखवले की, खालच्या पठारांवरचा स्फटिक सुट्या कणांचा नसून दोन-दोन कणांच्या बांधलेल्या जोड्यांचा आहे. दोन कण एकत्र आले की त्यांची ऊर्जा कमी होते, आणि तसे मानले की प्रयोगातील अपूर्णांकांचा क्रम जुळतो. त्याआधी सगळेच सुट्या कणांच्या चित्रावर विसंबून होते. वरच्या टोकाला लॉस अ‍ॅलॅमॉसच्या 2012 मधील मापांत स्फटिकाची लांबी क्षेत्रानुसार किती बदलते ते प्रकाशतंतूच्या साहाय्याने मोजले गेले आणि 82 टेस्लाच्या सुमारास निम्म्याच्या पठाराची चाहूल लागली. 2013 मध्ये काशिवाच्या गटाने 118 टेस्लापर्यंत चुंबकन मोजून हे पठार 84 ते 108 टेस्लापर्यंत पसरलेले असल्याचे दाखवले. 2023 मध्ये ध्वनिलहरींच्या वेगावरून केलेली मापे 150 टेस्लापर्यंत पोहोचली आणि संपृक्तता 140 टेस्लाच्या आसपास असल्याचे दिसले. म्हणजे 1999 मध्ये सुरू झालेला आलेख त्याच्या वरच्या टोकापर्यंत पुरा व्हायला जवळपास पाव शतक लागले, आणि त्यातील प्रत्येक टप्प्याला त्या वेळच्या जगातील अतिसमर्थ चुंबकांपैकी एक लागले. विक्रमाच्या आकड्याला अर्थ येतो तो येथे.

हे सारे संगणकावर का काढता येऊ नये, असा प्रश्न सुजाण वाचक विचारेल. साध्या क्वांटम चुंबकांसाठी लाखो स्पिनांचे हिशेब मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन, विश्वासाने करता येतात. कोंडीतल्या पदार्थांत मात्र त्या हिशेबातील धन आणि ऋण पदे एकमेकांना खाऊन टाकतात, उत्तर त्रुटीच्या मर्यादेत बुडून जाते, आणि स्पिनांची संख्या वाढेल तसा लागणारा वेळ आवाक्याबाहेर जातो. नव्या पद्धतींनी ही अडचण काही पदार्थांपुरती कमी केली आहे; ती दूर झालेली नाही. त्यामुळे या क्षेत्रात प्रयोग हा सिद्धांताची केवळ पडताळणी करत नाही, कित्येक वेळा तोच पुढे चालतो.

इतर पदार्थांचा उल्लेख मी आटोपता घेतो. क्रोमियमच्या स्पिनेल वर्गातील ऑक्साइडांमध्ये क्रोमियमचे अणू चतुष्फलकांत बसतात आणि निम्म्या उंचीचे पठार येते, ज्यात प्रत्येक चतुष्फलकातील तीन स्पिन क्षेत्राच्या दिशेने व एक विरुद्ध असतो. ही मांडणी टिकवण्यासाठी स्फटिक स्वतःचा आकारच किंचित बदलतो. कॅडमियमच्या स्पिनेलमध्ये हे 28 टेस्लाला घडते. जस्ताच्या स्पिनेलमध्ये परस्परक्रिया इतकी बलवान आहे की त्याचा पूर्ण आलेख पाहण्यासाठी काशिवाच्या संशोधकांना 600 टेस्लापर्यंत जावे लागले. बांबूच्या टोपलीच्या विणीसारख्या दिसणाऱ्या कागोमे जालकाची कोंडी याहून घट्ट आहे. त्यातील हर्बर्टस्मिथाइट हे खनिज 2005 मध्ये प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार झाले. त्याची परस्परक्रिया दोनशे केल्विनच्या आसपास असल्याने त्याला संपृक्त करणे अजून दूर आहे. म्हणून त्याच्याच कुळातील पण क्षीण परस्परक्रियेचे कॅडमियमयुक्त संयुग निवडून 2019 मध्ये 160 टेस्लापर्यंत मोजले गेले, आणि त्यात एकामागून एक पठारे मिळाली. पदार्थ आणि चुंबक यांची अशी सांगड घालणे हे या विषयातील अर्धे कौशल्य आहे.

या मापांच्या मर्यादाही वाचकांसमोर याव्यात, असे मला प्रामाणिकपणे वाटते. क्षेत्र काही मायक्रोसेकंदांत वर जाते तेव्हा नमुन्याला त्याला थंड ठेवणाऱ्या भोवतालच्या हेलियमशी उष्णतेची देवाणघेवाण करायला वेळच मिळत नाही. प्रयोग चार केल्विनला सुरू झाला तरी शिखरावर नमुन्याचे तापमान तेवढेच असेल असे नाही. कोंडीतल्या पदार्थांत ते क्षेत्राबरोबर झपाट्याने उतरू किंवा चढू शकते. पठारांच्या कडा गोलावलेल्या दिसल्या तर तो पदार्थाचा गुण आहे की तापमानाचा परिणाम, हे ठरवण्यासाठी निराळी मापे लागतात. धातूंमध्ये तर वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रामुळे भोवरा-प्रवाह निर्माण होऊन नमुना तापतो. म्हणूनच 45 टेस्लाचे शांत, स्थिर क्षेत्र आणि 1200 टेस्लाचा क्षणिक झोत यांची एका यादीत वर-खाली क्रमवारी लावणे मला योग्य वाटत नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

तापमानाच्या याच चढउतारातून एक व्यावहारिक उपयोगही निघतो. क्षेत्र उतरवताना काही चुंबकीय पदार्थ थंड होतात आणि त्या तत्त्वावर अतिशीत तापमान गाठता येते. 2003 मध्ये माइक झिटोमिर्स्की यांनी असे दाखवले की, कोंडीतल्या पदार्थांत संपृक्ततेच्या क्षेत्राजवळ हा परिणाम साध्या पदार्थांपेक्षा पुष्कळ मोठा असतो, कारण तेथे असंख्य मांडण्या एकदम मोकळ्या होतात. गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट हा शीतकरणासाठी पूर्वीपासून वापरला जाणारा पदार्थ याच जातीचा आहे. 2024 मध्ये सोडियम, बेरियम आणि कोबाल्ट यांच्या त्रिकोणी जालकाच्या फॉस्फेटने 94 मिलिकेल्विनपर्यंत तापमान उतरवल्याचे प्रसिद्ध झाले. हेलियम-3 हा दुर्मिळ आणि महाग वायू न वापरता असे तापमान मिळणे प्रयोगशाळांच्या दृष्टीने मोलाचे आहे. याहून मोठी आश्वासने मी देणार नाही. या संशोधनातून उद्या गाड्या धावतील किंवा संगणक बनतील, असे सांगून त्याची बाजू मांडणे मला पटत नाही. पदार्थ स्वतःची रचना कशी ठरवतो हे समजून घेणे हेच त्याचे पुरेसे कारण आहे.

शेवटी आपल्याकडील परिस्थितीविषयी. भारतातील संस्थांत 9, 14, 16 टेस्लापर्यंतची सुपरकंडक्टिंग चुंबके आहेत, मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनच्या साहाय्याने चुंबकीय रचना तपासण्याची सोय आहे, आणि कोंडीतल्या पदार्थांचे उत्तम स्फटिक वाढवणारे व त्यांचे सिद्धांत मांडणारे गट अनेक ठिकाणी काम करत आहेत. पण पन्नास टेस्लाच्या पुढचे माप हवे असेल, तर आपल्या विद्यार्थ्याला ड्रेस्डेन, तुलूझ किंवा काशिवा येथे अर्ज करून वेळ मागावी लागते. ती मिळतेही, कारण ही केंद्रे परदेशी प्रस्ताव गुणवत्तेवर स्वीकारतात. मात्र आठवडाभराच्या वेळेत जे मोजून होईल ते घेऊन परत यायचे, आणि शंका उरली तर पुन्हा अर्ज करून थांबायचे, अशा रीतीने अनपेक्षित गोष्टीचा पाठपुरावा होत नाही. आणि या विषयात महत्त्वाच्या गोष्टी अनपेक्षितच निघाल्या आहेत.

पन्नास-साठ टेस्लाचे, वेटोळे न फुटणारे स्पंदित चुंबक ही आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट नाही. त्यासाठी धारित्रांची संच-व्यवस्था, बळकट तार गुंडाळण्याचे कौशल्य, द्रवरूप नायट्रोजन आणि मिलिसेकंदांत नोंदी घेणारी उपकरणे लागतात. स्थिर क्षेत्रासाठी लागणारा तीस मेगावॅटचा वीजपुरवठा लागत नाही. स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटची एकअष्टमांशाची व एकचतुर्थांशाची पठारे आणि एकतृतीयांशाच्या पठाराचा मोठा भाग एवढ्याच क्षेत्रात दिसतो. असे एक केंद्र देशात उभे राहावे, ते एखाद्या संस्थेच्या चार भिंतींत न अडकता विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील प्रस्तावांना खुले असावे, आणि त्याच्या वेळेचा काही भाग एम.एस्सी. व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी मी या पत्राद्वारे विज्ञान व तंत्रज्ञान खात्याकडे करू इच्छितो. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर संबंधित संशोधकांची सविस्तर मते छापावीत आणि पुढच्या वेळी चुंबकाच्या विक्रमाची बातमी देताना त्यात कोणता नमुना ठेवला होता आणि त्याचा आलेख कुठे थांबला, याच्या चार ओळी आवर्जून द्याव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा